चेक इंजिन? आधी चेक वायर!

डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा असतो, इंजिनाच्या आकाराचा. चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. तोवर सगळं आलबेल! पण एखाद्या सोमवारी तो विझतच नाही. मग आपण काय करतो?

माझ्या मित्रमंडळींत याचे सरळ तीन गट पडतात. पहिला गट 'बघू नंतर'वाल्यांचा. एचआरच्या मेलकडे करतात तितक्याच निष्ठेने हे दिव्याकडे दुर्लक्ष करतात. दुसरा गट 'घ्या काय घ्यायचं ते'वाल्यांचा. गाडी वर्कशॉपमध्ये लोटायची, आकडा ऐकायचा, एक सुस्कारा सोडायचा आणि कार्ड पुढे करायचं. तिसरा गट मात्र एकदम डेंजर. "अरे, आपला एक माणूस आहे, तो दिवाच बंद करून देतो!" असं म्हणणारा.

आजचा कॉलम चौथा गट काढण्यासाठी आहे. बॉनेट उघडून आधी स्वतः बघणाऱ्यांचा. घाबरू नका, इंजिन उतरवायला सांगत नाहीये! दिवा लागण्याची कारणं शेकड्यांनी असतात. त्यातलं एकच आज घेऊ, पण ते असं आहे की नव्या डिझेल गाडीवाल्यांच्या वाट्याला कधी ना कधी येऊ शकतं: एक्झॉस्ट गॅस टेम्परेचर सेन्सर. सायलेन्सरच्या वाटेने जाणारा धूर किती गरम आहे, ते कॉम्प्युटरला सांगणारा छोटासा खबऱ्या.

फंडा काय आहे?

१ एप्रिल २०२० पासून देशात नवी गाडी विकायची तर ती बीएस-६ हवी. बीएस-४ च्या डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, बीएस-६ मध्ये ती ४.५ वर आली. हे काही फक्त इंजिन ट्यून करून जमणारं नव्हतं. मारुतीने तर त्या सुमाराला डिझेल कार बनवणंच थांबवलं. बाकीच्यांनी धुराच्या वाटेवर एक गाळणी बसवली, डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर.

ही गाळणी दिसते मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, पण चिनी मातीच्या जातीची. तिच्यात शेकडो बारीक नळ्या, प्रत्येकीचं एक तोंड बंद. त्यामुळे धुराला भिंतीतून पाझरावं लागतं आणि काजळी आत अडकते. आता चहाची गाळणी भरली की आपण ती नळाखाली धरतो. ही गाळणी गाडी स्वतःच साफ करते, साचलेली काजळी जाळून! याला म्हणतात रिजनरेशन. त्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस लागतात. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये धूर जेमतेम दोन-अडीचशे अंशांचा. मग कॉम्प्युटर थोडं जादा डिझेल फवारतो आणि तापमान मुद्दाम चढवतो.

किती चढलं, हे त्याला कोण सांगणार? तोच आपला खबऱ्या! गाडीत असे दोन, तीन, कधी चारही असतात. एखादा टर्बोच्या आधी, एखादा फिल्टरच्या आधी, एखादा नंतर. यातला एक जरी गप्प बसला तरी कॉम्प्युटर आंधळा होतो. आणि आंधळेपणाने आग लावण्यापेक्षा तो आगच लावत नाही. शहाणपणाचं आहे ते. फक्त काजळी साचत जाते, गाडी ओढेनाशी होते आणि शेवटी 'लिंप मोड'मध्ये जाते. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी लंगडतच चालणार.

साडेअकरा हजार की सुट्टे पैसे?

माझ्या सेकंडहँड डिझेल गाडीत हा दिवा चैत्रात लागला. पुण्यातल्या एका वर्कशॉपने मशीन लावलं, कोड वाचला आणि एस्टिमेट दिलं: सेन्सर बदला, लेबर धरून साडेअकरा हजार. फ्रीलान्सर माणसाचं चेक येण्याचं वेळापत्रक तुम्हाला माहीत नसेल, पण महिन्याच्या मध्यावर साडेअकरा हजार हा आकडा मला पाठ्यपुस्तकातला वाटतो. गाडी पळत होती, म्हणून ती घेऊन मी सरळ आजोळी गेले. येरमाळ्याला.

येरमाळा म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, कळंब तालुक्यातलं गाव. पुण्याहून सोलापूर रस्त्याने टेंभुर्णी, तिथून कुर्डुवाडी, बार्शी आणि पुढे येरमाळा. डोंगरावर येडेश्वरी देवी. चैत्र पौर्णिमेला तिची मोठी यात्रा भरते. देवीची पालखी चुनखडीच्या रानात जाते आणि भाविक तिथे चुन्याचे खडे वेचतात. त्या दिवसांत सगळी वाहनं या गावाकडे वळतात. सोलापूर-धुळे हायवे गावावरूनच जातो, त्यामुळे गॅरेज, टायरवाले, वायरमन यांची इथे कमी नाही.

माझे मामा मोटार रिवाइंडिंग करतात. गाडीची मोटार नाही हं, विहिरीवरची! पाणबुडी मोटार जळाली की शेतकरी ती खांद्यावर टाकून मामांकडे आणतो. मामांनी डीपीएफ हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. पण त्यांच्याकडे एक जुना मल्टिमीटर आहे आणि चाळीस वर्षांचा एक नियम आहे.

"सेन्सर गेलाय म्हणं तुझा? कुणी मोजला?"

"मामा, मशीनने सांगितलं. पी २०३३ कोड आलाय."

"मशीन म्हणायलंय की तिकडून सांगावा येईना. सांगणारा मेलाय का रस्ता तुटलाय, ते मशीनला कसं कळंल? ते आपण बघायचं. आधी वायर, मग यंत्र."

एका वाक्यात अख्खा विषय! पी २०३३ चा अर्थ 'दुसऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त' एवढाच. कोडमध्ये सर्किट हा शब्द आहे. सर्किट म्हणजे सेन्सर अधिक वायर अधिक कनेक्टर. कोड वाचून थेट सेन्सर बदलणं म्हणजे फोन लागत नाही म्हणून समोरचा माणूसच बदलणं.

आधी गार होऊ द्या

पहिली टेस्ट फुकट आहे. गाडी रात्रभर उभी ठेवा. पहाटे इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलवर लाइव्ह डेटा बघा. रात्रभर गार झालेल्या गाडीत सगळ्या तापमानांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत, कारण सगळंच हवेइतकं गार झालेलं असतं.

आमच्या अंगणात इंजिनाचं पाणी २६ अंश दाखवत होतं, आत जाणारी हवा २७, पहिला सेन्सर २८. दुसरा महाशय हजाराच्या वर काहीतरी बरळत होता. कोंबडं आरवायच्या वेळेला हजार अंश! चोर सापडला. आता चोर म्हणजे सेन्सर की वायर, एवढंच ठरवायचं होतं.

बरेचसे सेन्सर प्लॅटिनमचे असतात. प्लॅटिनम तापलं की त्याचा विद्युत रोध ठरावीक मापाने वाढतो. याच गुणावर तापमान मोजता येईल, असं १८७१ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी मांडलं होतं. गाड्यांमध्ये सर्रास वापरतात त्या जातीचा रोध शून्य अंशाला २०० ओहम असतो. २५ अंशांना साधारण २२०, उकळत्या पाण्यात पावणेतीनशेच्या आसपास आणि ६०० अंशांना सहाशेच्या थोडा पुढे. म्हणजे मल्टिमीटर हातात असेल तर सेन्सर जिवंत आहे का, ते दोन मिनिटांत कळतं. इग्निशन बंद करायचं, सेन्सरचा कनेक्टर सोडवायचा, मीटर ओहमवर ठेवायचा आणि दोन पिनांना टोकं लावायची. मीटरने काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली. शून्याजवळ आला तर शॉर्ट.

आमचा आकडा आला २२१. मामा हसले. "तुझा सेन्सर धडधाकट हाय बघ. साडेअकरा हजार कशाचे घ्यायलेत?"

मग दुसरी बाजू. इग्निशन ऑन करून गाडीकडून येणाऱ्या कनेक्टरच्या दोन पिनांत व्होल्टेज मोजायचं. कॉम्प्युटर तिथे साधारण ५ व्होल्ट पाठवत असतो. आमच्याकडे शून्य. म्हणजे वायर मधेच कुठेतरी तुटलेली. टॉर्च घेऊन वायरचा माग काढत गेलो आणि गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला, उष्णता अडवणाऱ्या पत्र्याच्या आड सापडलं: कव्हर कुरतडलेलं, एक वायर आरपार तुटलेली आणि बाजूला उंदराच्या लेंड्या. पुण्यातल्या माझ्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमधला तो कुणी अनामिक भाडेकरू!

दुरुस्तीला लागलं काय? त्याच जाडीची थोडी वायर, दोन क्रिंप जोड, गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह आणि वरून उष्णता सहन करणारं फायबरचं आवरण. सगळं मामांच्या डब्यातलंच. बाजारातून आणलं असतं तरी शंभराच्या नोटेत सुटे पैसे परत आले असते.

जोड मात्र घट्ट हवा. थंड असताना या सेन्सरचा रोध अंशामागे जेमतेम पाऊण ओहम बदलतो. जोड सैल राहून किंवा कनेक्टर गंजून १० ओहम वाढले, तर कॉम्प्युटरला तापमान १३ अंश जास्त दिसतं. आणि सेन्सरच्या अगदी जवळ सोल्डरिंग करू नका. साधं शिसं-कथिलाचं सोल्डर १९० अंशांच्या आतच वितळतं, तिथलं तापमान त्याच्या कितीतरी पुढे जातं. तिथे तुटलं असेल तर अख्खा सेन्सरच बदलायचा.

'वीस मिनिटांत करून देतो!'

आम्ही अंगणात गाडीखाली वाकलेलो बघून हायवेवरच्या एका गॅरेजचा पोरगा येऊन उभा राहिला. चांगला हुशार, हातात कला असलेला. म्हणाला, "ताई, कशाला डोकं खाताय? सेन्सरच्या जागी एक रेझिस्टन्स टाकतो, वीस मिनिटांत दिवा जातो. न्हाईतर फिल्टरच पोकळ करून देतो, गाडी कशी उडंल बघा!"

खरं सांगू? आपल्यापैकी कितीजण याला 'हो' म्हणतील? माझ्या ओळखीचे निम्मे तरी. दिवा गेला, पैसे वाचले, पिकअप वाढला. पण रेझिस्टन्स टाकला म्हणजे नेमकं काय झालं? खबऱ्याच्या जागी आपण एक पोपट बसवला. धूर २०० अंशांचा असो की ९०० चा, तो एकच आकडा बोलणार. कॉम्प्युटर काजळी जाळायला डिझेल फवारणार, 'अजून तापलं नाही' असं समजून आणखी फवारणार आणि खालचं तापमान कुठवर गेलं ते कुणालाच कळणार नाही. गाळणीला तडे जाऊ शकतात, ती वितळू शकते. हे झालं गाडीचं.

मामांनी गाडीचं काही काढलंच नाही. त्यांनी हात केला तो समोरच्या रानाकडे. ज्वारी निघालेली, धसकटं उभी, कडेला कडब्याची गंजी. "यात्रंला गाड्या कुठं लागतेत, ठाव हाय ना? ह्याच रानात. खालून सहा-सातशे डिगरीचा पाइप न् वाळकी धसकटं. त्या शेतकऱ्याची वर्षाची वैरण हाय ती."

पोरगा गप्प झाला. मीही. डीपीएफचे फायदे-तोटे मी नेटवर बरेच वाचले होते, पण कडब्याच्या गंजीचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता. ऑफिसच्या काँक्रीट पार्किंगमध्ये आपल्याला जाणवत नाही, पण आपली गाडी शहराबाहेरही जाते. महाबळेश्वरचं पठार असो की ताम्हिणीतला वाळलेल्या गवताचा माळ, आपण सेल्फीसाठी सरळ गाडी गवतात घालतो. सेन्सर धड असतानासुद्धा रिजनरेशन चालू असेल तर गवतावर गाडी उभी करू नये. सेन्सरच खोटा बोलत असेल तर बोलायलाच नको.

आणि फिल्टर पोकळ केला तर? मग ४.५ मिलिग्रॅमचा सगळा हिशेब संपला. ती काजळी सिग्नलला मागे उभ्या असलेल्या बाइकवाल्याच्या छातीत. कदाचित तो तुमच्याच टीममधला असेल! शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. प्रदूषणाच्या नियमभंगासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १० हजार रुपयांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे वाचवलेले साडेअकरा हजार तिथेच गेले.

त्या पोराला मामांनी चहा पाजला आणि मल्टिमीटर हातात दिला. ५ व्होल्ट कुठे मोजायचे, ते त्याने एका मिनिटात आत्मसात केलं. पुढच्या गिऱ्हाइकाला तो काय सुचवेल, ते मला सांगता येणार नाही. पण निदान आता त्याच्याकडे दुसरा पर्याय आहे.

जोड झाल्यावर डोंगलवरून कोड पुसला आणि येडशीच्या दिशेने हायवेवर वीस मिनिटं एका वेगात गाडी पळवली. मोबाइल मामेभावाच्या हातात, तो आकडे वाचतोय: दोनशे ऐंशी, तीनशे चाळीस... मग गाडीने स्वतःहून रखडलेलं रिजनरेशन हाती घेतलं आणि आकडा सहाशेपर्यंत गेला. क्रिकेटच्या स्कोअरला ओरडावं तसा तो ओरडत होता! पिवळा दिवा लागला नाही. पुण्याला परत येईपर्यंतही नाही.

सेन्सरच गेला असेल तर?

प्रत्येक वेळी उंदीरच सापडेल असं नाही. सेन्सर खरोखर मरतोही. रोज शेकडो अंश तापायचं आणि गार व्हायचं, सोबत खड्ड्यांचे धक्के. मग तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. तेही घरी जमण्यासारखं आहे, पण घाई नको. गाडी पूर्ण गार हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, म्हणजे कधीही शिरायचं नाही. खाली स्टँड हवेतच. नट गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जोर नटवर द्या, वायर पिळू नका. नवा सेन्सर त्याच पार्ट नंबरचा घ्या आणि मॅन्युअलमध्ये दिलाय तितकाच आवळा. नट फिरतच नसेल तर हट्ट सोडा. आटे गेले तर पाइपच बदलावा लागेल, आणि तो खर्च ऐकून साडेअकरा हजार स्वस्त वाटतील!

कटआऊट करून ठेवा

• गाडी वॉरंटीत असेल तर काहीही सोडू नका. आधी लेखी तक्रार द्या आणि जुना पार्ट बघायला मागा.

• कोड वाचून एस्टिमेट मिळालं की एकच प्रश्न विचारा: "सेन्सर मोजला का? किती ओहम आला?" उत्तर आलं नाही तर मोजायला सांगा.

• सगळेच सेन्सर प्लॅटिनमचे नसतात. काहींचा रोध गार असताना प्रचंड असतो आणि तापल्यावर उतरतो. काही नव्या गाड्यांत डिजिटल सेन्सर येतात, ते मल्टिमीटरने मोजता येत नाहीत. तुमच्या गाडीचं माप मॅन्युअलमध्ये बघा.

• उकळत्या पाण्यात सेन्सरचं टोक बुडवून आकडा वाढतो का ते बघता येतं. पण त्या पातेल्यात नंतर चहा नको, प्लीज!

• घर ते ऑफिस चार किलोमीटर असेल तर डिझेल गाडीला अधूनमधून हायवेवर वीस मिनिटं सलग पळवा. रिजनरेशन पुन्हा पुन्हा अर्धवट तुटलं तर जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल बदला.

• बेसमेंटमध्ये गाडी आठवडाभर उभी असेल तर बॉनेट उघडून एकदा वायरी बघा.

साधा मल्टिमीटर दोघांच्या पिझ्झाच्या बिलात येतो. तो वापरायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. माझी तर मास कॉमची आहे! तेव्हा दिवा लागला की पहिला प्रश्न 'किती पैसे?' असा नको. 'तुटलंय कुठे?' असा हवा. पैशांचा प्रश्न त्यानंतर बऱ्याचदा खूप छोटा होतो.